कोपऱ्यातलं अक्षर

“तुझ्या अंगाला मासळीचा वास येतोय,” मॉर्वेना म्हणाली.

शेजारच्या खुर्चीवर नुकत्याच टेकलेल्या मुलाशी तिचं हे पहिलं वाक्य. दुसरा कुणी असता तर कानकोंडा झाला असता. हा हसला.

“न्यूलिन बंदराच्या बाजारातून थेट येतोय. पहाटेपासून मासळीची खोकी उचलतोय. उठू का?”

“वास येतोय म्हटलं. ऊठ कुठं म्हटलं?”

झालं, तो बसला. नाव जोरी. बाहेर पाऊस नेहमीसारखा आडवा लागला होता, कॉलेजच्या वर्गातला हीटर नावापुरताच गरम होता, आणि शनिवारी सकाळी त्या वर्गात बसलेली सगळी मंडळी एकाच दुखण्याची होती. शाळा सोडताना जो इंग्रजीचा पेपर सुटायला हवा होता, तो सुटला नव्हता. जोरीला तो बोट चालवायच्या शिक्षणासाठी हवा होता. आणि मॉर्वेनाला हवा होता अ‍ॅम्ब्युलन्सवर काम करण्यासाठी. तिथं तिची निवड झालीसुद्धा होती, पण अट एकच: नोव्हेंबरच्या परीक्षेत इंग्रजीत नऊपैकी किमान चारची ग्रेड पाहिजे. तिला दोनदा तीन मिळाले होते. या खेपेला घसरली तर जागा दुसऱ्या कुणाला जाणार, आणि ती जन्मभर वृद्धाश्रमात चादरी बदलत बसणार. निदान तिला तरी तसंच वाटत होतं.

घोडं अडायचं ते गोष्टीच्या उताऱ्यापाशी. बातमी द्या, पत्र द्या, ती सरळ सोडवायची. पण गोष्ट आली की संपलं!

त्या दिवशीचाच उतारा घ्या. एक बाई टेबलावर दोन कप मांडते आणि मग एक उचलून परत फळीवर ठेवते. ट्रेव्हॉरो बाईंनी विचारलं, “यावरून काय कळतं?”

“चहा एकालाच हवा होता,” मॉर्वेना म्हणाली.

वर्ग खो खो हसला. जोरी तेवढा हसला नाही.

“पुरावा ओळींतच असतो, मंडळी,” बाई म्हणाल्या. ही त्यांची रोजची आरती. “म्हणाल ते उताऱ्यातून दाखवा. आणि प्रश्नात दिलेल्या ओळींच्या बाहेर जाऊ नका. बाहेर गेलात की मार्क गेले.”

मधल्या सुट्टीत मॉर्वेना धुसफुसत होती. “त्या बाईला एकटं वाटतंय म्हणे! मग तसं लिहायला लेखकाचं काय जातं?”

“तुमच्या वृद्धाश्रमात आहे का कुणी असं... न बोलणारं?” जोरीने विचारलं.

“पेंगेली आजोबा. खिडकीजवळच्या खुर्चीवर कुणाला बसू देत नाहीत. ती गेलेल्या आजींची खुर्ची होती. त्यांना आजींची आठवण येते.”

“असं ते म्हणाले?”

“म्हणायला कशाला हवं? दिसतं ना!”

“मग कपसुद्धा दिसतोच की.”

मॉर्वेना म्हणाली, “अरे देवा. एवढंच होय?”

त्या दिवसापासून तिची गाडी रुळावर आली. उताऱ्यातली माणसं आपल्याच वृद्धाश्रमात राहायला आली आहेत असं समजून ती वाचू लागली, आणि मार्क चढू लागले. जोरीची तऱ्हा उलटी. परीक्षेचा उतारा म्हणजे मधलंच एक पान, पुढचं काही कळत नाही. ते त्याला सोसायचं नाही. प्रत्येक उताऱ्याचा शेवट तो स्वतः रचायचा, आणि प्रत्येक शेवटात दोघंजण एकत्र यायची.

“याला मार्क नाहीत,” ती म्हणायची.

“मार्कांसाठी कोण सांगतंय?”

एकदा त्याने विचारलं, “वर्ग सुटल्यावर कॉफी घ्यायची का? उतारा न आणता.”

“मला आत्ता पेपर सुटायला हवाय, जोरी. दुसरं काही नको.”

“ठीक आहे,” तो म्हणाला. आणि ठीक आहे म्हणाला म्हणजे ठीकच असणार, असं धरून ती पुढचा प्रश्न सोडवायला लागली. काय म्हणावं या पोरीला! माशांचा वास जाऊन साबणाचा यायला लागला होता, बाजारातून तो आधी घरी जाऊन अंघोळ करून मग बस पकडत होता, पण हिला आपलं वाटे, बाजारात काम कमी झालं असेल.

परीक्षेच्या आधीच्या शनिवारी त्याने पिशवीतून दोन पेस्ट्या काढल्या. मांस-बटाट्याचं सारण भरलेल्या, मोठ्या करंजीसारख्या, घरच्या, अजून कोमट. त्याच्या पेस्टीच्या एका टोकाला कणकेचं ‘जे’ अक्षर होतं. ते ती दर आठवड्याला बघायची. त्याची आई घरातल्या प्रत्येकाच्या पेस्टीवर त्याचं अक्षर काढायची, म्हणजे भावाभावांत मारामारी नको. उलट्या टोकाने खायला लागायचं, अक्षर शेवटी. अर्धी उरली तरी कुणाची ते कळतं.

दुसऱ्या पेस्टीवर ‘एम’ होता.

“आईने केली,” जोरी म्हणाला. कान लाल झाले होते.

“एक जास्तीची झाली होती का?”

“हं... तसंच समज.”

पेस्टी सुरेख होती. मॉर्वेनाने सगळी खाल्ली, फक्त तो अक्षराचा कोपरा कागदात गुंडाळून कोटाच्या खिशात टाकला.

परीक्षेच्या दिवशी हॉल थंडगार होता. कोट घालूनच तिने उतारा वाचला. घरमालकीण आणि तिचा भाडेकरू. बाई त्याच्याशी कधी धड बोलत नाही. पण एक दिवस ती दाराशी, त्याच्या हाताला येईल अशा उंचीवर, त्याच्या कोटासाठी खिळा ठोकते. प्रश्न: या बाईबद्दल वाचकाला काय वाटतं?

मॉर्वेना झरझर लिहू लागली. खिळा पाहुण्यासाठी कुणी ठोकत नाही. घरच्या माणसासाठी ठोकतात. तो आपल्या घरचा, हे तिने ठरवून टाकलंय, फक्त...

पेन थांबलं. घरच्या माणसासाठी.

रुमालासाठी तिने खिशात हात घातला, आणि बोटांना कागदाची पुडी लागली. कोपरा वाळून दगड झाला होता. त्यांच्या घरात ‘एम’चं कुणीही नाही. आणि पेस्टी केली आईने, पण आईला नाव सांगितलं कुणी? बरं, ते राहू दे. हा शिळा कोपरा आपण आजवर का टाकला नाही?

उठून पळावंसं वाटलं. दोन रांगा पुढे जोरीची मान खाली होती. ती मनाशी म्हणाली, आधी पेपर, बाई. आणि मुलीने शेवटचा प्रश्नसुद्धा पुरा लिहिला.

बाहेर आली तेव्हा तो निघून गेला होता. आज वर्गही संपला, आता कशाला परत भेटतोय? ती धावत सुटली. बसथांब्यावर तो पावसात उभा होता.

“तुझ्या आईने माझं अक्षर का काढलं?” ती धापा टाकत म्हणाली.

“तुला काय वाटतं?”

“तू घरी माझ्याबद्दल बोलतोस. खूप बोलतोस. तुला मी आवडते.”

“फार उशिरा कळलं तुला.” तो पावलांकडे बघत म्हणाला. “पण तुला दुसरं काही नको होतं ना?”

“मलाही तू आवडतोस.”

“पुरावा?” त्याने विचारलं. हसत होता, पण तळहात खरंच पुढे केला होता.

तिने खिशातून पुडी काढून त्याच्या तळहातावर ठेवली. त्याने ती उलगडली आणि बराच वेळ त्या वाळक्या अक्षराकडे बघत राहिला. बस आली, थांबली आणि गेली.

जानेवारीत निकाल लागला. मॉर्वेनाला पाच. अ‍ॅम्ब्युलन्सवरची जागा पक्की! जोरीला तीन. पठ्ठ्याने पेपरात घरमालकीण आणि भाडेकरूचं लग्न लावून दिलं होतं.

“ओळींच्या बाहेर जाऊ नको म्हटलं होतं ना!” मॉर्वेना त्याच्यावर उखडली, आणि जूनच्या पेपरासाठी शिकवायला पहिल्यांदा त्याच्या घरी गेली.

दार आईनेच उघडलं. आत दाराशी चार जुने खिळे होते, चारही कोटांनी भरलेले. आणि शेवटी पाचवा, नवाकोरा, बरोबर तिच्या हाताला येईल अशा उंचीवर.

जोरी उगाचच छताकडे बघत होता. मॉर्वेनाने कोट काढला आणि अडकवला.