घरात असावा

"आयसीची खाच डावीकडं धरूनच बसवा बरं का... न्हाईतर धूर निघंल," तो म्हणाला होता. मी ऐकलं नाही. बीएस्सी इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाच्या पोरीला कुणी चौकड्यांच्या शर्टातला अनोळखी माणूस आयसी बसवायला शिकवणार — झालंच की!

बीडच्या त्या सुट्या पार्टच्या दुकानात टायमरचा आयसी एकच उरला होता, आणि तो नेमका त्याच्या मुठीत. दुसऱ्या दिवशी माझं प्रॅक्टिकल.

"तुम्हाला कशाला लागतोय?" मी चिडून विचारलं.

"तसा कशालाच न्हाई. घरात असावा म्हणून."

"आयसी काय मीठ आहे, घरात असायला?"

तो गालात हसला आणि आयसी माझ्या तळहातावर ठेवला. आठ पायांचा काळा किडाच जणू. "न्या. पन परत द्यायचा. मी शहादेव. वडवणीला मोटारींचे स्टार्टर दुरुस्त करतो."

मी तो उलटा बसवला. धूर निघाला. जळका आयसी पोस्टानंही पाठवता आला असता... मी मात्र वडवणीची एसटी धरली.

त्यानं तो नाकाशी धरला. "उलटा बसवलाव ना?"

"...हो. फेकून द्या आता."

"छ्या! घरात असावा." आणि बघत राहिला — आयसीकडे नव्हे.

या 'घरात असावा'नं माझा किती जीव खाल्ला, ते लग्नानंतर कळलं. जिऱ्याच्या डब्यात रेझिस्टर, चहाच्या डब्यात डायोड. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, एकदा मसूर म्हणून चक्क सिरॅमिकचे कपॅसिटर भिजत घातले. "शहादेव, ह्या डाळीला पाय फुटल्यात रं!" मी कपाळ बडवून घेतलं. तो मात्र एकेक कपॅसिटर फडक्यानं पुसत बसला.

आमची लेक ओवी रांगायला लागल्यावर मी एकच मागणं मागितलं. "अहो, त्या बटणाएवढ्या सेलचा डबा तेवढा कुलपात ठेवा. लेकरानं गिळला तर अन्ननळी जाळतो तो."

"झाकन घट्ट हाय गं. तू लई भेतीस, रोहिणी."

गेल्या गुरुवारी दुपारी डबा फरशीवर उघडा सापडला. शेजारी ओवी, हनुवटीवर लाळ. आदल्या दिवशी त्यानंच पाच सेल आणले होते. मी मोजले — चार.

माझी किंकाळी ऐकून तो दुकानातून धावत आला. मी खाटेखाली शोधत होते. "शोधायचं न्हाई. आधी बीड," एवढंच बोलला, ओवीला उचललं आणि शेजारच्यांच्या जीपमध्ये बसला. वाटभर त्याचा हात तिच्या पाठीवर होता. "मी ऐकलं न्हाई तुझं..." तो पुटपुटला. मी ओवीची लाळ पुसत राहिले.

दवाखान्यात एक्स-रे निघाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काही नाही पोटात. घेऊन जा."

बाहेरच्या बाकावर मी हुंदके देत बसले. ओवीनं बापाचा खिसा ओढला, आणि चौकड्यांच्या शर्टाआड लाल उजेड चमकला.

"ते काय आहे?"

त्यानं खिशात हात घातला आणि तसाच थिजला. बाहेर आलं एक कीचेन — त्यावर तोच, माझा जळका आयसी. माथ्यावर ज्वारीएवढा एलईडी... आणि खाली पाचवा सेल.

"रविवारी लग्नाचा वाढदिवस ना... तुला द्यायचं हुतं. काल केलं. भ्यानं ध्यानातूनच गेलं बघ."

"तुम्ही ना... तुम्ही!" मी ओढणीनं दोनदा मारलं. चार वर्षं! चार वर्षं त्यानं माझी चूक जपून ठेवली होती, आणि डब्याचं झाकण तेवढं नाही! मग तिसऱ्यांदा मारायच्या ऐवजी मी त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं.

"घरात असावा असा मानूस हाय ना गं मी?" त्यानं भीत भीत विचारलं.

"कुलूप आणलंत तर."

परत जाताना जीप थांबवून त्यानं कुलूप घेतलं. दोन घेतली — एक घरात असावं म्हणून.

तुम्ही हसताय. हसा. पण तुमच्याही घरात रिमोट आहे, वजनकाटा आहे, बोलणारी बाहुली आहे; कशात ना कशात तो चपटा सेल असणारच. आणि पलीकडच्या खोलीत लेकरू बराच वेळ गप्प आहे ना? गोष्ट राहू द्या. उठा, त्याच्या तोंडात काय आहे, आधी बघून या.