कोण कोण आलंय?

बालवाडीत टीव्ही आला तेव्हा मुलांपेक्षा मोठ्या माणसांनाच जास्त आनंद झाला. चौऱ्याण्णव साल होतं. शाळेत जायच्या आधीच्या वयाच्या मुलांसाठी सरकारी टीव्हीनं एक वेगळी वाहिनी प्रयोग म्हणून सुरू केली होती, रोज सकाळी तासभर. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या काही बालवाड्यांना त्यासाठी संच मिळाले होते. सगळे कृष्णधवल, लाकडी पेटीत बसवलेले. ते संच मुलांसाठीच वापरले जातात ना, की एखाद्या पुढाऱ्याच्या ओसरीवर क्रिकेट दाखवतात, हे बघायचं काम माझ्याकडे होतं. मी बालवाड्यांची पर्यवेक्षिका. असलं काम करणाऱ्या बाईचा स्वभाव गोड राहत नाही, आणि माझा मुळात नव्हताच.

कार्यक्रम साधा होता. एक ताई होती. सुती साडी, खांद्यावरून पुढे घेतलेली वेणी, मागे पुठ्ठ्याचा सूर्य. आधी गाणं व्हायचं. मग ताई कपाळावर आडवा हात धरून, लांबचं बघावं तशी, या टोकापासून त्या टोकापर्यंत बघायची आणि विचारायची, “कोण कोण आलंय?” मुलं हात वर करून ओरडायची, “मी!” तेवढ्यापुरती ताई थांबायची, मान डोलवायची आणि म्हणायची, “अरे वा, सगळे आले!” पणदऱ्यात पोरं इतकी जीव खाऊन ओरडायची की शेजारच्या गोठ्यातल्या म्हशी दाव्याला हिसके द्यायच्या. कऱ्हाटीची मुलं लाजरी. ती हात वर करायची आणि दुसऱ्या हातानं तोंड झाकायची. मला कऱ्हाटीची मुलं जास्त आवडायची.

लासुर्ण्याच्या पुढे कालव्याच्या कडेनं आत गेलं की धनगरांची एक वस्ती होती. पूर्वी मेंढरं घेऊन कोकणापर्यंत जाणारी ही माणसं आता उसात रमली होती. बिरोबाच्या देवळाला लागून एक खोली होती, तीच बालवाडी. तिथली सेविका रतन, वस्तीतलीच सून, कामाला वाघीण आणि बोलायला त्याहून जास्त. ती एक दिवस मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, “म्याडम, ती ताई नकोशीकडं बघती.”

“ती सगळ्यांकडेच बघते, रतन. भिंतीवरच्या कॅलेंडरातला देवसुद्धा सगळ्यांकडेच बघतो.”

“न्हाय. तुमी बसा आन बघा.”

नकोशी म्हणजे वस्तीतल्या बनाची तिसरी मुलगी. दोघींच्या पाठीवर पुन्हा मुलगी झाली म्हणून हे नाव. त्या भागात फिरताना हे नाव मी इतक्या वेळा ऐकलं होतं की त्याचा राग यायचाही बंद झाला होता. ही चार वर्षांची होती. बहिणीचा गुडघ्याखाली लोंबणारा परकर, वर कुणाचा तरी शर्ट. ती डावीकडे पुढे, अगदी भिंतीला चिकटून बसायची. बाकीची ओरडत असताना ही नुसता हात वर करायची.

मी बसले. ताईनं कपाळाला हात लावून बघायला सुरुवात केली. तिची नजर उजवीकडून सरकत डावीकडे, खाली आली आणि थांबली. पणदऱ्यात ती तिथं थांबत नसे. मी म्हटलं, रोजचा भाग वेगळा असतो. तरी मी नकोशीला उचलून दुसऱ्या टोकाला, दाराशी बसवलं आणि दुसऱ्या दिवशी वाकडी वाट करून पुन्हा आले. ताईची नजर त्या दिवशी दाराशी थांबली.

एसटीला वेळ होता, म्हणून मी महिपती आबांच्या अंगणात चहा घेतला. वस्तीत अजून मेंढरं राखणारे तेवढे एकटेच उरले होते. त्यांच्याकडे एक कोकरू होतं, त्याच्या अंगावर दुसऱ्या कोकराचं कातडं बांधलं होतं. चार पायांची चार भोकं, पोटाखाली सुतळीची गाठ.

“ह्याची आय मेली,” आबा म्हणाले. “आन त्या मेंढीचं कोकरू मेलं. ती लई हुडकती त्याला. मेल्याचं कातडं ह्याला घातलं की तिला तिच्याच कोकराचा वास येतो. मग ती पाजती.”

“आणि ह्याची खरी आई असती तर?”

“तर तिनं ढुशी मारून हाकललं आसतं. दुसऱ्याचा वास लागला की सख्खी आयबी वळकत न्हाय.”

मेंढी कोकराच्या शेपटीशी नाक लावून उभी होती. मी चहा संपवला आणि निघाले.

पावसाळा सरला. पुढच्या फेरीत ताई शिवत बसली होती. कार्यक्रमात शेवटी कागदकाम असायचं, होडी, टोपी, भिरभिरं. त्याऐवजी ताई मांडीवर कापड घेऊन धावदोरा घालत होती. गाणं नाही, बोलणं नाही. मधेच कापड उचलून समोर धरायची, एक डोळा बारीक करून माप बघायची आणि पुन्हा खाली ठेवायची. लहान मुलीचा फ्रॉक होता, बाह्या फुग्याच्या. मुलं कंटाळून मागे मारामारी करत होती. नकोशी मात्र पाठ ताठ करून, हात थोडे बाजूला धरून बसली होती. शिंप्यापुढे मूल उभं राहतं ना, तशी.

“किती दिवस चाललंय हे?”

“दसऱ्यापासनं,” रतन म्हणाली. “आदी कापड बेतलं. आता बाह्या जोडल्या.”

पणदऱ्याच्या सेविकेला विचारलं, तर तिथं त्याच दिवशी कागदाची होडी झाली होती. होड्या खिडकीत मांडून ठेवलेल्या मी डोळ्यांनी पाहिल्या. मनात पाल चुकचुकली. बारामतीला आल्यावर एसटीडी बूथवरून मी टीव्ही केंद्राला फोन लावला. बऱ्याच टेबलांवर फिरून तो एका सज्जन माणसाकडे पोहोचला.

“शिवणकाम?” तो हसला. “बाई, तीन वर्षांच्या मुलांना आम्ही सुई दाखवू का? तसा एकही भाग नाही.”

“मग त्या ताईंशीच बोलू द्या.”

“त्या नसतात आता. हे सगळं मागेच चित्रित झालंय, आम्ही कॅसेट लावतो.” त्यानं आवाज खाली आणला. “त्यांची मुलगी गेली. एवढीशी होती. त्यानंतर त्या कुणाला दिसल्याच नाहीत.”

मी बूथमधून बाहेर आले. समोर भिगवण चौकात उसाच्या ट्रॅक्टरनं रस्ता अडवला होता आणि माणसं नेहमीसारखी एकमेकांच्या नावानं शंख करत होती. मला ते बघून बरं वाटलं.

संच उचलायचा, असं मी ठरवलं. पण आधी बनाला भेटावं म्हणून घरी गेले. बना वाईट नव्हती. दमलेली होती. पदराखाली तान्हा मुलगा, नवसाचा. नकोशी मागून आली आणि तिच्या मांडीला डोकं टेकून पडली. माझ्याशी बोलता बोलता बनाचा मोकळा हात तिच्या केसांत गेला आणि न बघताच उवा शोधू लागला. मी बोलायचं ते बोलले.

“टीव्हीतली बाई काय करतीय, म्याडम?” बना म्हणाली. “बसती गप एका जागी, तेवढाच माझ्या जिवाला इसावा.”

आठवड्यानं मी संच न्यायला जीप घेऊन गेले. मुलं अंगणात होती. नकोशीच्या अंगावर नवा फ्रॉक होता.

बाह्या फुग्याच्या होत्या. राखाडी कापड, त्यावर पांढरी फुलं. लहान मुलीसाठी असला रंग कुणी निवडत नाही. पडद्यावर मात्र तो असाच दिसायचा. मी वाकून वास घेतला. पावडरचा, कापराचा, बंद कपाटाचा. वस्तीतल्या कुठल्याच घराचा तो वास नव्हता.

“हा कुणी दिला?”

“म्हंजी?” रतन म्हणाली. “मला वाटलं, तुमीच धाडला.”

नकोशीचा हात धरून मी बनाकडे गेले. बना दारात तांदूळ निवडत होती. मी फ्रॉकचं विचारलं, तर न बघताच ती म्हणाली, रतननं दिला असेल. एवढं बोलून तिनं मान वर केली. नकोशी नेहमीसारखी तिच्या मांडीकडे गेली.

बनानं तिला कोपरानं ढकललं.

जोरात नाही. सुपात तोंड घालणाऱ्या शेरडाला ढकलावं, तसं.

“कुणाची पोर गं ही?” ती म्हणाली.

मी हसले. बना हसली नाही. तिनं नकोशीकडे नीट पाहिलं, मग माझ्याकडे. “जीपीतनं आणली व्हय? लई ग्वाड हाय. कुणाची?”

मला सुतळीची ती गाठ आठवली. मी तिथंच नकोशीच्या अंगातून फ्रॉक ओढून काढला. ती किंचाळली, दोन्ही हातांनी कापड धरून बसली. मी तिची बोटं एकेक सोडवली. रतननं आपल्या मुलाचा सदरा आणून तिला घातला. कातडं काढलं की वास जाईल, आई तिला ओळखेल, असं मला वाटलं. पर्यवेक्षिकेला शोभेलसा विचार नव्हता, पण दुसरा सुचला नाही. फ्रॉक मी पिशवीत कोंबला. संच मात्र राहिला. जीपमध्ये चढवायला माणूस मिळाला नाही आणि मला तिथं थांबवेना.

घरी तो वास साऱ्या खोलीत पसरला. मी फ्रॉक साबणाच्या पाण्यात भिजवला, खसखसून धुतला, दोनदा. रंग गेला नाही. वास गेला.

पुढच्या वेळी गेले तेव्हा नकोशी रतनच्या घरी राहत होती.

“आंगुळ घातली, डोकं धुतलं, तिच्या आयच्या दारात न्हेऊन बसवली,” रतन म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता. “बनानं भाकरी दिली. भाइर बसवून दिली, म्याडम. परक्याच्या पोरीला देत्यात तशी. बापबी तसाच. बहिणीबी. कुणी रागावत न्हाय, कुणी मारत न्हाय. वळकतच न्हाईत.”

मी महिपती आबांकडे गेले. ते कोकरू आता उघड्या अंगानं मेंढीला लुचत होतं. मी त्यांना नकोशीचं काही सांगितलं नाही. एवढंच विचारलं, “आबा, कातडं आधीच काढलं तर?”

“मेंढीनं जवळ करायच्या आदी? मग गेलं कामातनं. पैली घेत न्हाय, दुसरीबी घेत न्हाय.”

“परत घातलं तर?”

“वास आसंल तर घील.”

“आणि कातडं धुतलं असलं तर?”

आबा खो खो हसले. “कातडं कोन धुतंय, म्याडम?”

फ्रॉक माझ्या पिशवीत होता, इस्त्री करून, घडी घालून.

टीव्ही चालू करायची वेळ झाली होती. मी नकोशीला फ्रॉक घातला. खरं सांगायचं तर त्या क्षणी तिला कुणीही घ्यावं, असं मला वाटत होतं. त्या काचेतल्या बाईनं घेतलं तरी चालेल. पण कुणाची तरी होऊ दे.

ती तिच्या जुन्या जागी, डावीकडे, भिंतीला चिकटून बसली. पडद्यावर मुंग्या आल्या, गेल्या. ताई दिसली. मांडीवर कापड नव्हतं, गाणंही झालं नाही. तिचे केस विस्कटलेले होते आणि पुठ्ठ्याचा सूर्य एका बाजूनं निखळला होता. तिनं कपाळावर हात धरला.

उजवीकडून ती बघत आली.

तिची नजर डावीकडे आली. खाली आली. नकोशीवरून गेली.

नकोशीनं हात वर केला.

नजर पुन्हा परतली, पुन्हा तिच्यावरून गेली, भिंतीवर थोडी थांबली आणि पुढे सरकली.

“मी हाय,” नकोशी म्हणाली. टीव्हीसमोर आजवर ती कधी बोलली नव्हती. “ताई, मी हितं हाय.”

ताई काचेच्या अगदी जवळ आली. कान देऊन ऐकत असल्यासारखी तिनं मान कलती केली.

“कुणीच नाही आलं?” तिनं विचारलं.

रतननं धावत जाऊन संच बंद केला, प्लगही काढला. बना दारात आली, टीव्ही बघायला आलेल्या आपल्या दोन्ही मुलींना हाक मारून घेऊन गेली. बाकीची मुलंही उठली आणि खाऊसाठी अंगणात पळाली.

नकोशी काळ्या काचेसमोर हात वर करून बसून राहिली.