तिजानीकाकांवरचा आळ

होडी मागायची नाही, सरळ न्यायची, हे शिराजनं ठरवलं. वय दहा, पण बेत आखण्यात तिचा हात धरणारं कर्कना बेटावर कुणी नव्हतं. तिचा भाऊ वजदी बारा वर्षांचा. बाबांना कळलं तर काय, असं त्यानं दोनदा विचारलं, कपाळाला आठ्या घातल्या, आणि सगळ्यांच्या आधी होडीत जाऊन बसला तोही तोच.

त्यांच्या आतेबहिणीला, दोर्राला, तर विचारायचीही गरज नव्हती. दोन वर्षांपूर्वीपर्यंत ती इथंच राहायची, मामाच्या, म्हणजे शिराजच्या बाबांच्या, घराला लागून असलेल्या घरात. मग तिच्या बाबांना समुद्रापलीकडे स्फाक्स शहराच्या बंदरात नोकरी लागली, आणि त्याच वर्षी आजोबाही गेले. आता ती फक्त सुट्टीत यायची. स्फाक्सच्या उंच इमारतीतल्या घराला लिफ्ट होती, शाळेत मैत्रिणी होत्या, सगळं होतं. पण झोप येईपर्यंत ती मनातल्या मनात कर्कनाच्या वाटा चालत राहायची. बेकरी, मग अंजिराचं वाकडं झाड, मग पांढरी मशीद, मग पाणी. कर्कनाचं पाणी म्हणजे लांबवर चालत गेलं तरी कमरेएवढंच. त्यातच आजोबांनी तिला पोहायला शिकवलं होतं, आपल्या शर्फियापाशी.

शर्फिया म्हणजे समुद्रातलं शेतच म्हणा ना. पाण्यात खांब रोवायचे, त्यांना खजुरीच्या झावळ्या बांधून लांबच लांब कुंपण घालायचं. ओहोटीबरोबर निघालेले मासे कुंपणाच्या कडेकडेनं जात शेवटच्या बंद खणात शिरतात आणि तिथल्या टोपल्यांत अडकतात. कुठली शर्फिया कुठल्या घरची, हे शेंबड्या पोरालाही पाठ असतं. दुसऱ्याच्या खणात हात घालणाऱ्या माणसाला या बेटावर कुणी सलामही करत नाही.

तर मंगळवारी तिघांनी होडी आजोबांच्या, आता मामाच्या झालेल्या, शर्फियापाशी नेली. खणाच्या कोपऱ्यातल्या खांबाला दोर्रानं ती निळ्या दोरीनं पक्की बांधली आणि तिघं पाण्यात उतरली. मार्चचं पाणी, दात वाजत होते, पण बाहेर यायला कुणी तयार नव्हतं. दोन तास कसे गेले कळलंच नाही. वारा उठला, होडी खांबाला हिसके देऊ लागली, तेव्हा कुठं घरची आठवण झाली. गाठ इतकी आवळली होती की सुटेना. शेवटी वजदीनं चाकूनं दोरी कापली. जेवायच्या आत तिघं घरी होती, केस वाळवून, साळसूद चेहऱ्यानं.

बुधवारी सकाळी दोर्रा गच्चीवर कपडे वाळत घालत होती. मामाच्या शर्फियापाशी तिला एक होडी दिसली, हिरव्या पट्ट्याची. असा पट्टा फक्त तिजानीकाकांच्या होडीला होता. तिजानीकाका आजोबांच्या वयाचे, शेजारच्या शर्फियाचे मालक. ते पाण्यात छातीपर्यंत उभे राहून काहीतरी करत होते.

त्या दुपारी मुनीरमामा समुद्रावरून रिकाम्या हातानं आला. कुसकुसच्या वाफवलेल्या रव्याची परात मधे ठेवली होती, त्यात एकही मासा नव्हता, आणि मामा सारखं म्हणत होता की इतक्या वर्षांत टोपल्या कधी अशा कोरड्या निघाल्या नाहीत. दोर्रा सहज बोलून गेली.

"सकाळी तिजानीकाका होते तिथं. आपल्या खणापाशी."

मामाचा चमचा हातातच राहिला. नझीहामामीनं दोर्राकडे पाहिलं, आणि त्या नजरेत असं काही होतं की दोर्राला शब्द परत गिळावेसे वाटले. नीट पाहिलंस का, मामानं विचारलं. तिनं पाहिलं होतं. ती हो म्हणाली. खोटं थोडंच होतं ते?

गुरुवार उजाडला तोवर गोष्ट गावभर झाली होती. बेकरीत तिजानीकाका आले तशी रांगेतली माणसं भिंतीकडे बघू लागली. कॉफीच्या दुकानात ते बसले आणि पत्ते खेळणारे चौघे डाव अर्धा टाकून उठले. तिजानीकाका उठले. कॉफी तशीच ठेवून घरी गेले. दोर्रा समोरच उभी होती. शिराज म्हणत होती, आपण चोर पकडला, आपलं नाव होणार. दोर्रा मात्र पाठमोऱ्या काकांकडे बघत होती. लहानपणी हाच माणूस तिला खांद्यावर बसवून पाण्यातून आणायचा.

शुक्रवारी टोपल्या पुन्हा रिकाम्या निघाल्या. इथं दोर्राच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दोन दिवस तिजानीकाकांची होडी वाळूवर उलटी पडली होती. ते समुद्राकडे फिरकलेच नव्हते. मग मासे नेले कुणी? ती हे मामाला सांगायला गेली, पण मामा आपल्या मोबाइलच्या दुकानात गिऱ्हाइकांत गुंतला होता. म्हाताऱ्यानं दुसऱ्या कुणाला पाठवलं असेल, असं म्हणून त्यानं तिला वाटेला लावलं.

त्यात संध्याकाळी मामीनं बातमी आणली. तिजानीकाकांचा मुलगा रविवारी स्फाक्सहून येणार होता, वडिलांना कायमचं घेऊन जायला. काका होडीही विकायला निघाले होते.

"चौथ्या मजल्यावर राहणार म्हणे," मामी हळूच म्हणाली. "त्या माणसाला तिथून समुद्रसुद्धा दिसायचा नाही."

त्या रात्री दोर्रा अर्ध्या जेवणावरून उठली. चौथ्या मजल्यावर राहणं म्हणजे काय, ते त्या घरात तिच्याइतकं कुणाला माहीत होतं?

"उद्या आपण स्वतः बघायचं," तिनं दोघांना सांगितलं.

पण होडीला मामानं आता कुलूप लावलं होतं, आणि शर्फियाकडे पोरांनी फिरकायचं नाही असा हुकूम होता. शिराजनं बादली काढली. शनिवारी सकाळी ओहोटीला तिघं शिंपल्या वेचायला निघाली, आणि मामानं दुकानाच्या दारातून मोठ्या कौतुकानं हात हलवला. वाकत, वाळू उकरत, एकेक शिंपली बादलीत टाकत ती पुढं पुढं सरकली. तासाभरात शर्फियापाशी पोचली तेव्हा बादली खरंच अर्धी भरली होती. मामासाठी पुरावा नको का!

वरून पाहिलं तर कुंपण ठीकठाक होतं. मामा रोज असंच वरून बघायचा, होडीत बसून टोपल्या उचलायचा आणि दुकान गाठायचा. आजोबा मात्र दर आठवड्याला पाण्यात उतरून सगळं कुंपण हातानं चाचपायचे. दोर्रानं श्वास रोखला आणि बुडी मारली. कोपऱ्यातला खांब बुडाशी सैल झाला होता. झावळ्या तळापासून सुटल्या होत्या. एक माणूस आडवा होऊन जाईल एवढं भगदाड पडलं होतं, माशांची काय कथा. खणात शिरलेले मासे खुशाल बाहेर जात होते. कुणी चोरलंच नव्हतं काही.

वजदीनं आणखी एक गोष्ट वर आणली. भगदाडाच्या एका बाजूला नव्या, हिरव्या झावळ्या घट्ट बांधलेल्या होत्या, आणि त्याही नायलॉननं नव्हे तर खजुरीच्या काथ्यानं. बेटावर अजून काथ्या वळणारा एकच माणूस उरला होता.

"काका चोरी नव्हते करत," वजदी म्हणाला. "आपलं कुंपण दुरुस्त करत होते. आणि गावानं तोंड फिरवल्यावर अर्ध्यावरच थांबले."

दोर्रा खांबाकडे पाहत होती. पाण्याच्या जरा खाली, खांबाला करकचून आवळलेला निळ्या दोरीचा तुकडा होता. गाठ तिचीच होती.

तिला मंगळवारचा वारा आठवला, होडीचे हिसके आठवले. खांब त्यांनीच सैल केला होता. आणि वर तोंड करून तिनंच सांगितलं होतं, काका होते तिथं म्हणून.

शिराजनं वजदीचा चाकू घेतला आणि दोरी कापून दोर्राच्या हातात दिली. वाऱ्यानं खांब सैल झाला असं सांगू, ती म्हणाली, तेही काही अगदी खोटं नाही. काका सुटतील आणि आपणही सुटू. दोर्रानं दोरी खिशात कोंबली.

मामाला त्यांनी भगदाडाचं सांगितलं, झावळ्यांचं सांगितलं, काथ्याचं सांगितलं. त्यानं दुकान तसंच उघडं टाकलं आणि तिघांना घेऊन तडक तिजानीकाकांचं घर गाठलं. वाटेत कॉफीच्या दुकानातली माणसंही मागं लागली, पत्ते खेळणारे चौघे त्यांत होते.

काका अंगणात जाळी गुंडाळत होते. मामानं पुढं होऊन त्यांच्या डोक्याचं चुंबन घेतलं आणि सगळ्यांदेखत माफी मागितली. तुम्ही त्याच दिवशी का बोलला नाहीत, असं त्यानं विचारलं.

"काय बोलणार?" काका म्हणाले. "मुनीरचं कुंपण पडलंय, त्याला पत्ता नाही, असं चारचौघांत सांगू? तुझ्या बापाची शर्फिया आहे ती. शेजाऱ्याचं कुंपण बांधावं आणि गप्प बसावं, असंच चालत आलंय."

मग मामानं दोर्राला पुढं ओढलं. हिनं शोधून काढलं सगळं, तो म्हणाला, डोळे अगदी आजोबांचे आहेत पोरीचे. पत्तेवाल्यांतल्या एकानं तिची पाठ थोपटली. कुणी शाबास म्हणालं, कुणी आणखी काही. एकेक शब्द तिला चापटीसारखा लागत होता. काकाही तिच्याकडे बघून शाबास म्हणाले, आणि मग तिला सहन होईना.

तिनं खिशातून दोरी काढली.

"खांब मी सैल केला, काका. होडी मी बांधली होती. आम्ही न विचारता नेली होती. आणि तुमचं नावही मीच सांगितलं."

वजदी आणि शिराज येऊन तिच्या शेजारी उभी राहिली. मामानं तोंड उघडलं, पण काकांनी हातानंच त्याला थांबवलं.

"मला माहीत आहे," ते म्हणाले. "मंगळवारी मी माझ्या शर्फियात होतो. पाहिलं तुम्हाला."

"मग माझं नाव का नाही सांगितलंत?"

"तुझा आजोबा गेल्यापासून त्या पाण्यात कुणी उतरलं नव्हतं, बेटा. तुम्ही तिघं तिथं दंगा करत होता. त्याची तक्रार करू होय मी? म्हटलं, उद्या जाऊन खांब बसवून टाकू."

दोर्रा हमसून हमसून रडली. ते रागावले असते, दोन थपडा मारल्या असत्या, तर बरं झालं असतं. शिक्षा तरी करा, ती कशीबशी म्हणाली. काकांनी जाळी बाजूला ठेवली. मग म्हणाले, सकाळी सहाला पाण्यात ये, अंगात लोकरीचा स्वेटर घालून ये.

रविवारी सकाळी सहाला तिघं पाण्यात होती. मामाही होता, दोन वर्षांत पहिल्यांदाच, छातीपर्यंत भिजलेला आणि थंडीनं शिव्या गिळणारा. खांब पुन्हा ठोकला. काका झावळ्या देत, दोर्रा बुडी मारून तळाशी रोवी. वर आली की ते फक्त "अजून खाली" एवढंच म्हणत. तिचे हात सोलवटले, ओठ निळे पडले. ती एकदाही थांबली नाही.

किनाऱ्यावर काकांचा मुलगा बॅग घेऊन उभा होता. बोट दहाला सुटायची होती. तो हाका मारू लागला, तेव्हा काकांनी त्याच्याकडे न बघताच उत्तर दिलं. मुनीरचे अजून अकरा खांब ढिले आहेत, हे सगळं इथल्या कुणाला जमतं? ते झाल्यावर बघू. मुलगा बराच वेळ कमरेवर हात ठेवून उभा राहिला, मग बॅगेवर बसला, आणि शेवटी बूट काढून, पँट दुमडून पाण्यात आला.

दोर्रानं शेवटची झावळी रोवली. काकांनी खाली वाकून तिच्यावर तळहात ठेवला आणि सगळा भार टाकून ढकलून पाहिलं. झावळी हलली नाही.

"हे राहील," ते म्हणाले.

आदल्या दिवशीच्या इतक्या शाबासक्यांतली एकही तिला घेता आली नव्हती. ही तिनं घेतली, आणि पुढच्या खांबाकडे गेली.