खालचा ट्रे

अनुजावहिनींनी जोतिबाला नवस बोलला होता: मालकांची नोकरी कायम होऊ दे, माघातले पाचही रविवार डोंगरापर्यंत अनवाणी चालत येईन. नोकरी कायम झाली, वहिनींनी नवस फेडला.

"आता त्या खुर्चीत बसून मालकांनी काय केलं ते ऐका," मंगळवार पेठेतल्या कट्ट्यावर अंधार पडल्यावर अण्णासो पोरांना म्हणाले. "वहिनी माझ्या शेजारच्या. खोटं सांगून मला काय मिळणार हाय?"

दोन हजार चार सालची पौष अमावास्या. हेडक्लार्क विजयसिंहांना, म्हणजे वहिनींच्या यजमानांना, संस्थेच्या ऑफिसात उशीर होणार होता, म्हणून वहिनी डबा घेऊन गेल्या. पायरीवर शाहूवाडीची बनाबाई बसलेली. तिचा नवरा गुंडू इथंच शिपाई होता, दिवाळीत वारला. त्याच्या जागेवर लेकीला, प्रीतीला, घ्यायचं तर गुंडूच्या नोकरीचा दाखला उद्याच्या उद्या अर्जाला जोडायला हवा होता.

"मग अडलंय कुठं?" वहिनींनी विचारलं.

"प्रिंटर बिघडलाय म्हणत्यात, ताई. महिना झाला, मी आले की बिघडतोय."

आत विजयसिंहांनी प्रिंटरचा खालचा ट्रे ओढला होता. वहिनी दारातच थबकल्या. संस्थेचं नाव छापलेले कागद ते उलटे घालत होते, आणि कागद धरणाऱ्या बाजूच्या पट्ट्या मुद्दाम सैल करत होते. कागद तिरका ओढला गेला, चुरगळला, अडकला.

"बघा बनाबाई," ते आतूनच ओरडले, "अडकला की पुन्ना! उद्या या."

वहिनींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अहो, लाज कशी वाटत न्हाय?"

"तू गप. गुंड्या लई तोंडावर बोलायचा मला. आता बायकूला घालू दे हेलपाटे."

"मेलेल्या माणसावर डूख? ह्याच्यासाठी मी देवाच्या वाटंवर पाय सोलून घेतले व्हय? सरळ करा तो ट्रे!"

"न्हाय करत. घरी जा!"

आणि दिवे गेले.

कॉम्प्युटर तेवढा बॅटरीवर उजळत होता. त्या निळसर उजेडात...

खालचा ट्रे सरकत बाहेर आला.

कुणी हात लावला नव्हता.

अडकलेला कागद फर्रकन ओढला गेला. मग गठ्ठा आपटून सारखा केल्याचा आवाज. टक. टक. पट्ट्या सरकल्या. घट्ट बसल्या.

"अहो..."

विजयसिंह खुर्चीसकट मागं सरकले.

ट्रे धाडकन आत गेला. टेबल हादरलं.

दारात बनाबाई येऊन उभी होती. ती घाबरली नव्हती. पदरात तोंड धरून एवढंच म्हणाली, "आमचं मालक... रागावलं की असंच आदळआपट करायचं."

दिवे आले. प्रिंटर घरघरला. दाखला बाहेर आला. सरळ. संस्थेचं नाव वर. विजयसिंहांनी सही केली, शिक्का मारला. बनाबाई गेली.

वहिनींनी ट्रे उघडला. वरच्या कोऱ्या कागदाच्या कोपऱ्यावर ओल्या अंगठ्याचा ठसा. थुंकी लावून पान सुटं करावं, तसा.

सकाळपर्यंत तो वाळला नव्हता.

अण्णासोंनी गोष्ट इथंच थांबवली. कट्ट्यावरच्या पोरांतल्या दीप्तीनं विचारलं, "मग वहिनी?"

"त्यांनी नवा नवस बोलला. मालकांच्या टेबलावरनं कुणी रिकाम्या हातानं जाऊ नये म्हणून उपास धरलाय, अजून सोडला न्हाय. पोरांनो, उद्या तुम्हालाबी खुर्ची मिळंल. उपास जमंल न जमंल... पण तेवढा नवस तुम्हीबी बोला की रं."