दोघांतलं एक

केकवर दोन नावं होती. कपिल आणि सलोनी... एकाखाली एक, गुलाबी साखरेच्या अक्षरांत. बालीतल्या त्या लहानशा घरगुती हॉटेलच्या ओट्यावर सुनेनं, अर्पितानं, खोक्याचं झाकण उघडलं आणि इंदूबाईंची नजर त्या नावांवर अशी खिळली, की हातातलं भांडं कलंडून पदर भिजला तरी त्यांना उमगलं नाही. तीस वर्षांपूर्वी एकाच पहाटे, त्यांच्याच कुशीतून ही दोघं जुळी जन्मली होती. पण ही दोन नावं एकत्र लिहिलेली त्या माउलीनं आज पहिल्यांदाच पाहिली!

कपिल त्यांच्याजवळ राळेगावात वाढला. आता तिथंच त्याचं बी-बियाण्यांचं दुकान होतं. सलोनी मात्र पुसदला वाढली, इंदूबाईंच्या धाकट्या जावेची, मथुराबाईंची लेक म्हणून. मथुराबाईंची दोन बाळं पाठोपाठ जन्मतःच गेली होती, आणि इंदूबाईंनी स्वतःच्या जुळ्यांतली मुलगी तिच्या ओटीत घातली होती. सारा गाव तेव्हा म्हणाला, पोरगा ठेवला अन् पोरगी देऊन टाकली. इंदूबाईंनी ते ऐकलं आणि मान खाली घातली. पुढं सलोनी बारा वर्षांची असताना मथुराबाई रागाच्या भरात तेच वाक्य तिच्यासमोर बोलून गेल्या. त्यानंतर त्या पोरीनं राळेगावची पायरी चढली नाही.

ती शिकली, लग्न करून ऑस्ट्रेलियात पर्थला गेली. पण गेल्या वर्षी अर्पिताचं आणि तिचं फोनवर सूत जुळलं. कपिलच्या तिसाव्या वाढदिवसाला आईला घेऊन कुठंतरी दूर जायचं ठरलं, तेव्हा सलोनीच म्हणाली, "बालीला या. पर्थहून जवळ आहे. आई सध्या माझ्याकडंच आलीये, आम्ही दोघी येतो."

इंदूबाईंना इथं येऊन दोन दिवस झाले होते, आणि दोन्ही दिवस त्यांच्या जिवाला स्वस्थता नव्हती. माडाच्या पानांच्या इवल्या द्रोणांत फुलं, भाताची चार शितं आणि उदबत्ती घालून इथल्या बाया दारोदार, रस्त्यावरसुद्धा मांडून ठेवत. मग त्यावर कुणाचा पाय पडला तर? त्यांनी हॉटेलच्या मालकिणीला खुणांनीच विचारलं. तिनं हसून हात हलवला, की देवाला पोचलं, आता काही नाही. डोंगरउतारावर पायऱ्यांसारखी भातशेतं होती. वरच्या वावरातलं पाणी खालच्याला कोण सोडतं, भांडणं होत नाहीत का, हे त्यांनी कपिलला पुन्हा पुन्हा विचारलं. साऱ्या मुलखाविषयी विचारणाऱ्या या बाईनं एका माणसाविषयी मात्र तीस वर्षांत एक प्रश्न विचारला नव्हता. सलोनीला पहिला दात कधी आला, ती चालली कधी, रडते कशावरून... मथुराला वाटेल, दिलेलं लेकरू परत मागते आहे, म्हणून ओठांवर आलेला प्रत्येक प्रश्न त्यांनी गिळला होता.

दुपारी टॅक्सी आली. सलोनी उतरली, वाकून पाया पडली, "मोठी आई, बऱ्या आहात ना?" म्हणाली. जणू कुणा परक्या थोर माणसाशी बोलावं, तशी. इंदूबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. मागं मथुराबाई अवघडून उभ्या होत्या.

केक टेबलावर आला. सुरी एकच होती. कपिलनं ती सलोनीपुढं धरली. तिनं घेतली, पण कापण्याआधी ती इंदूबाईंकडं वळली.

"मोठी आई, एक विचारू? राग नाही. फक्त माहीत करून घ्यायचंय."

इंदूबाईंनी ओला पदर मांडीवर ओढून घेतला. "विचार ना."

"मला तिसरा महिना आहे. तिथल्या डॉक्टरनं विचारलं, तुम्ही जन्मलात तेव्हा वजन किती होतं, काही त्रास होता का. आईला विचारलं, तर ती म्हणाली, ते मोठ्या बाईंनाच ठाऊक."

तिसरा महिना... त्या दोन शब्दांनी इंदूबाईंच्या अंतःकरणात असा आनंद उसळला, की इतक्या वर्षांचा पहारा क्षणभर ढळला. "तू काय, ठणठणीत होती पोरी. रडली त सारा वार्ड जागा झाला. अडीच किलोच्या वर भरली. त्रास त याले होता, कपिलले. डॉक्टरीन बाई म्हणे..."

आणि त्या थांबल्या.

"काय म्हणे?" कपिलनं विचारलं.

"काही नाही. कापा केक, मुंग्या लागतीन."

"आई, काय म्हणे ते सांग ना."

मथुराबाईंच्या कपाळावर आठी पडली. त्या सावकाश म्हणाल्या, "बाई, याले कापसात गुंडाळून ठेवलं होतं, मले आठवते. नुकताच येचलेला कापूस होता. पण ते थंडीपायी, असं वाटलं होतं मले."

इंदूबाईंनी आजवर मौन पाळलं होतं, पण खोटं बोलायची वेळ आली की त्यांची जीभ वळत नसे. त्या मांडीवरच्या ओल्या पदराकडं पाहत बोलल्या, "थंडीपायी नाही. डॉक्टरीन बाई म्हणाल्या, पोरगी जगते, पोराचं काही खरं नाही. दोन-चार आठवडे, बस. मथुरा, तुझी दोन लेकरं मातीत गेलती. तू बोलणं टाकलं होतं, जेवणं टाकलं होतं. दोन झाले त एक तुझं, असा शब्द देऊन बसली होती मी. तुझ्या ओटीत मरणारं लेकरू कसं टाकू? तिसरं मढं तुले कसं देऊ? म्हणून जगणारं दिलं... मरणारं ठेवून घेतलं."

ओट्याखालच्या शेतात कुठंतरी पाणी वाहत होतं.

कपिल उठला आणि पायऱ्या उतरून भाताच्या बांधावर चालत गेला. याच क्षणाला इंदूबाई जन्मभर भ्यायल्या होत्या. लोकांचे टोमणे, जावेचा अढीचा स्वर, लेकीनं फिरवलेली पाठ... सारं सोसलं ते केवळ याच्या कानावर हे पडू नये म्हणून. अर्पिता त्याच्यामागं निघाली, पण सलोनीनं तिला थांबवलं आणि स्वतःच खाली उतरली.

ओट्यावरून त्या दोघांच्या पाठी दिसत होत्या. दोघांनीही हात पाठीमागं बांधलेले, अगदी सहा वर्षांपूर्वी गेलेल्या त्यांच्या वडिलांसारखे, सदाशिवरावांसारखे. बाप एक, हे त्या हातांनीच सांगितलं असतं. सलोनी काहीतरी बोलली. कपिलनं मान हलवली. मग तो काहीतरी बोलला आणि तिनं त्याच्या दंडाला धरलं. काय बोलत असतील? इंदूबाईंना जीव तोडून ऐकावंसं वाटत होतं, पण वाऱ्यानं एक शब्द वर येऊ दिला नाही.

दोघं परत आले. कपिल आईसमोर खालीच बसला.

"म्हणजे तू मले मरणारा म्हणून ठेवलं."

"हो रे बाप्पा."

"अन् गाव म्हणे, पोरगा म्हणून ठेवलं."

"म्हणू दे. तुले ऐकाले तेच बरं होतं."

त्याचे डोळे भरून आले. "मग मी जगलो कसा?"

"कापसाच्या बोळ्यानं थेंब थेंब दूध पाजलं. उराशी बांधून ठेवलं, खाली म्हणून ठेवलं नाही. तुझी आजी म्हणे, जीव लावू नको इंदू, जाणारं हाय ते." इंदूबाईंनी त्याच्याकडं पाहिलं. "मी लावला."

कपिलनं आईच्या मांडीवर डोकं टेकलं. तीस वर्षांचा तो पुरुष लहान लेकरासारखा हुंदके देऊ लागला, आणि इंदूबाईंचा हात त्याच्या केसांतून नकळत फिरू लागला.

मथुराबाई उठल्या. आपल्या रिकाम्या घरात या बाईनं तेवता दिवा ठेवला आणि अंधार स्वतःकडं घेतला. आणि आपण मात्र मुलगी दिली, मुलगा ठेवला, हेच मोजत राहिलो... त्या जावेच्या पायांवर कोसळल्या. इंदूबाईंनी त्यांना वर ओढलं. "अवं उठ. पोरीले तू वाढवलं. माझ्यापाशी असती त बिमार भावाच्या पायी तिच्याकडं पाहाले कोण होतं?"

"मी एकाच विचारानं मोठी झाले, की मी नकोशी होते," सलोनी हलकेच म्हणाली. तिनं इंदूबाईंचा हात, मघाशी डोक्यावरून लगेच निघून गेलेला तोच हात, आपल्या दोन्ही हातांत घेतला. "जूनमध्ये दिवस भरतील. पर्थला याल?"

इंदूबाईंनी सवयीनं जावेकडं बोट केलं. "मथुरा येईल ना. बाळंतपण आईनं करावं."

"मले काय येते बाई?" मथुराबाई डोळे पुसत म्हणाल्या. "तुम्ही बाराव्या दिवशी न्हाऊमाखू घातलेली पोरगी माझ्या ओटीत दिली. त्याच्या आधीचं म्या काही पाहिलंच नाही. दोघी जाऊ. तुम्ही करा, मी शिकीन."

"पण जूनात पेरणी..."

"पेरणी मी पाहून घेईन," कपिल मांडीवरून डोकं न उचलताच म्हणाला.

अर्पितानं सुरी पुसली. दोघा भावंडांनी मिळून केक कापला, आणि पहिला तुकडा कुणी कुणाला द्यायचा यात इतका घोळ झाला की शेवटी तो मथुराबाईंच्या हातातून इंदूबाईंच्या तोंडात गेला. तो गिळून होतो न होतो तोच त्यांनी विचारलं, "पोरी, तिकडं डिंक, अहळीव भेटते का? का गावाहूनच बांधून आणू?"

सलोनी रडता रडता हसली. "बिया नेऊ देत नाहीत तिकडं. विमानतळावरच काढून घेतात."

"काहून?" इंदूबाईंनी खुर्ची तिच्याजवळ ओढली. "नुसत्या अहळिवानं त्यांचं काय बिघडते?"

आणि लेक त्यांना पहिल्यापासून समजावून सांगू लागली.