मातीचा कुर्ता, काचेचा चुडा

"हाथ मत लगाइए... नाजुक है."

सावनीने दचकून बोट मागे घेतलं. जुन्या नवाबी महालाच्या बागेत, आंब्याच्या फांदीला भाजलेल्या पांढऱ्या मातीचा कुर्ता टांगला होता, चिकनकामासारखी बारीक भोकं पाडलेला. शेजारी मातीच्याच मोजड्या, मातीचीच ओढणी. प्रदर्शनातलं सगळं ल्यायचं-नेसायचं, आणि सगळं मातीचं. घडवणारा सुश्रुत आडनावाने मराठी, बोलण्यात पक्का लखनवी. आई इथली, बाबा सदा आपल्या प्रयोगशाळेत. त्याला मराठी समजे, पण उत्तर हिंदीतच येई.

"मग हे घालायचं कुणी?" तिने विचारलं.

"जिसे टूटने का डर न हो."

झालं, पोरीचं पाऊल तिथेच अडकलं. मग कधी मैत्रिणीचं निमित्त, कधी शिंप्याचं, पण संध्याकाळी ती बागेत हजर. नोव्हेंबरची कोवळी थंडी, कुल्हडमधला चहा आणि त्याचं ते बघणं... एक गोष्ट मात्र तिच्या ओठांवर येऊन परत जायची. साताऱ्यात तिचं लग्न ठरलं होतं, आणि हेमामावशीबरोबर ती लखनौला आली होती तीच आहेराच्या खरेदीसाठी. सुपारी उन्हाळ्यातच फुटली होती.

प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी ती मुद्दाम चुडा भरून आली. हेमामावशीने साताऱ्याहून आणलेल्या हिरव्या बांगड्या सकाळीच भरल्या होत्या. हे हात बघून कुठलाही मराठी माणूस ओळखेल की ही नवरी आहे. म्हणजे तोंडाने सांगायला नको, असा तिचा भाबडा हिशेब.

सुश्रुत हसला. "सावन तो कब का गया, मॅडम. अब हरी चूडियाँ?"

इथल्या बायका श्रावणात हिरवं भरतात, त्याला तेवढंच ठाऊक. सावनीचा हिशेब फसला.

"एक उतार दो ना... नाप के लिए. मिट्टी भट्टी में सिकुडती है, जरा बडी चूडी बनाऊँगा. तुम्हारे लिए."

"या काढत नाहीत, सुश्रुत."

"क्यों?"

"लग्नाचा चुडा आहे. आज रात्रीची गाडी... परवा हळद."

बांगडीकडे पुढे केलेला हात त्याने मागे घेतला.

"मना नहीं कर सकती?"

तिच्या डोळ्यांपुढे आपले बाबा आले, वाटलेल्या पत्रिका आल्या. एवढ्या सगळ्यांना तोंडघशी पाडायची तिची छाती नव्हती, आणि हे तिला पुरतं ठाऊक होतं.

"नाही," ती म्हणाली. "पण मला तू आवडतोस... फार आवडतोस. हे आधीच सांगायला हवं होतं मी."

"मुझे भी," तो हळूच म्हणाला. मग मान वळवून, "जाओ सावनी... गाडी छूट जाएगी."

फाटकापाशी मावशी रिक्षात बसली होती, मांडीवर आहेराच्या चिकनच्या कपड्यांचं गाठोडं. भाचीचे डोळे बघून ती हसली.

"अगं, आत्तापासून रडतेस? पाठवणीला काय उरेल मग?"

सावनी तिच्या शेजारी चढून बसली. मावशीने तिला जवळ ओढून घेतलं, आणि मुक्कामाचं निशातगंज येईपर्यंत कुणीही तिला रडू नको म्हटलं नाही.