रबियाच्या मावशीची कोंबडी

पैज लागली ती आखातातल्या अब्बासियात, एका बिल्डिंगच्या बंद पडलेल्या लिफ्टसमोर, २००६ च्या जानेवारीत. चौथ्या मजल्यावरच्या नीरजच्या हातातले कागद जिन्यात निसटले, ते थेट दुसऱ्या मजल्यावरच्या कौमुदीच्या पायाशी.

"हे काय, प्रेशर गेज?"

"कोंबडी आहे."

"कोंबडी? हिला नटबोल्ट लावलेत!"

तिनं कपाळाला हात लावला. उपद्व्याप तिचाच होता ना! हॉस्पिटलात तिच्याबरोबर फिजिओथेरपिस्ट असलेली रबिया मूळची पॅलेस्टाईनची. अठ्ठ्याऐंशी साली सैन्यानं तिथल्या शाळा बंद केल्या, तेव्हा रबियाच्या मावशीनं परसात कोंबड्या पाळल्या आणि अंड्यांच्या टोपलीत तळाशी पुस्तकं लपवून घरोघरी वर्ग घेतले. पायानं लंगडी, हातात शस्त्र म्हणून काही नाही. आता अम्मानला राहणाऱ्या मावशीनं ही हकिगत कॅसेटवर सांगितली होती, पण तेव्हाचा फोटो एकही नव्हता. "चित्रं काढून फिल्म करणारं कोणी आहे?" रबियानं विचारलं, आणि कौमुदी बोलून बसली, "आमच्याकडे गणपतीची सजावट करणारा एक आहे."

आणि हा रिफायनरीतला इन्स्ट्रुमेंट इंजिनियर पट्टी लावून कोंबड्या काढत होता!

"पाच मिनिटांची फिल्म पाडव्यापर्यंत होणार म्हणे," ती म्हणाली. "झाली तर मराठी मंडळाच्या स्टेजवर पाच वेळा कोंबडीसारखी ओरडेन."

"नाही झाली तर मी नऊवारी नेसून येईन."

"ऐकलं हं मी!" तळमजल्यावरून मंडळाचे शत्रुघ्नभाऊ ओरडले. झालं, संध्याकाळपर्यंत बिल्डिंगभर!

दर शुक्रवारी ती वर जायची, चिडत चिडत. मावशीची चाल त्याला जमेना.

"अरे, लंगडणारा माणूस असा उड्या मारत नाही! वजन चांगल्या पायावर... बघ."

ती टोपली घेऊन पॅसेजमध्ये लंगडत चालायची.

"थांब... अशीच... हलू नकोस."

"नीरज, पाय मोडेल माझा!"

"मग फिजिओ बघू ना एखादी..." तो मान वर न करताच म्हणायचा.

अस्सा राग यायचा! दिवसातून वीस वेळा 'थांब' म्हणायचा मेला, पण चित्रासाठी. मार्चअखेर तिचं कॉन्ट्रॅक्ट संपत होतं, नाशिकचं तिकीट काढून झालं होतं. रिन्यूचा फॉर्म पर्समध्येच पडून होता. ते त्याला माहीत होतं. त्यावर एक शब्द बोलेल तर शपथ!

मार्चच्या दुसऱ्या शुक्रवारी धुळीचं वादळ आलं. खिडकीच्या फटीत कोंबायला फडकं शोधताना तिनं खालचा ड्रॉवर ओढला. आत चित्रांचे गठ्ठे. शेवटच्या चित्रावर तारीख... एकवीस फेब्रुवारी.

"हे काय आहे?"

नीरजची पेन्सिल थांबली.

"झालीय फिल्म?"

"...झाली."

"मग तीन आठवडे मला लंगडायला का लावलंस?"

"संपली म्हटलं असतं, तर तू वर कशाला आली असतीस?"

"आणि पैज? नऊवारी?"

"नेसलो असतो." तो कानापर्यंत लाल झाला. "माप देऊन आलोय ब्लाउजचं."

तिला हसू फुटत होतं, पण ती ओरडलीच. "गाढवा! ती म्हातारी मावशी अम्मानमध्ये वाट बघतेय, रबिया रोज विचारते, आणि तू... तोंडानं सांगता येत नाही?"

"आता फिल्म दिली तर तू हरशील."

"हरते!" ती गठ्ठे उचलून निघाली. दारात थबकली. "चाल छान जमलीय मात्र."

पाडव्याच्या कार्यक्रमाला शाळेचा हॉल भरला होता. पडद्यावर मावशी लंगडत निघाली, शिपायानं टोपलीत डोकावलं, कोंबडीनं त्याच्या बोटाला चोच मारली. कॅसेटवरची मावशी हसली, तसा सगळा हॉल हसला. रबिया रडत होती. तिच्या मोबाईलवर अम्मानहून मावशी ऐकत होती.

"कौमुदीताई, स्टेजवर!" शत्रुघ्नभाऊंनी माईक पुढे केला.

पैठणी सावरत ती चढली. डोळे मिटले.

"कॉक... कॉक... कॉक... कॉक."

टाळ्या, शिट्ट्या. ती चारवरच थांबली.

"पाच ठरली होती!" भाऊ ओरडले.

तिनं पर्समधून रिन्यूचा फॉर्म काढला, सही-शिक्का मारलेला, आणि पहिल्या रांगेतल्या नीरजसमोर धरला.

"पाचवं पाहिजे असेल, तर यानं आज माईकवर बोलावं. चित्र न काढता!"

नीरज उठला. स्टेजवर आला. माईक हातात घेतला. तोंडातून एवढंच आलं,

"लग्न... करशील?"

कौमुदीनं पदर खोचला, दोन्ही हातांचे पंख केले, आणि मागच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं पाचवं "कॉक" दिलं.